एक किलोचा लॅपटॉप आणि बेचाळीस विहिरी

माझं तोंड खराब आहे. बायको म्हणते, गिऱ्हाईकं म्हणतात, शेजारचा झेरॉक्सवालाही म्हणतो. राजापेठेत पंधरा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवल्यावर कुणाचं तोंड चांगलं राहील, तुम्हीच सांगा. सकाळपासून क्लासची पोरं येतात, "अश्विनभैया, लय स्लो चालून राहिला," आणि उघडून पाहावं तर आत मूठभर धूळ आणि बिस्किटाचा चुरा. शेवटी मी नियमच करून टाकला. सात वर्षांपेक्षा जुनं मशीन आलं की हात लावायचा नाही. "भंगारात टाका, नवीन घ्या," एवढं सांगायचं आणि पुढचं गिऱ्हाईक पाहायचं. काउंटरवर तशी पाटीही लावली होती.

जानेवारीच्या बावीस तारखेला त्या पाटीखाली डोमाजी येऊन उभे राहिले. वय सत्तरीला टेकलेलं, पांढरा पायजमा, पायात धुळीनं रंगलेल्या चपला, खांद्याला पोस्टमनची असते तशी खाकी पिशवी. पिशवीतून त्यांनी दुपट्टा काढला, दुपट्ट्याच्या चार घड्या उलगडल्या आणि आतून एक चंदेरी, पातळसा लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला.

"भाऊ, हे पाहून द्या जी. पाच दिवस झाले, उठूनच नाही राहिलं."

मी नुसतं वरून पाहिलं. खालचं पत्र्याचं झाकण फुगून वर आलेलं, त्यामुळे मशीन काउंटरवर डुगडुगत होतं. "काकाजी, बॅटरी फुगली. दोन हजार तेराचं मॉडेल आहे हे. पाटी वाचता येते ना? भंगार झालं ते."

"भंगार नोका म्हणू जी," डोमाजी म्हणाले. "सव्वीस तारखेले ग्रामसभा हाय. त्याच्या आंदर चालू झालंच पायजे."

"ग्रामसभेत काय पिक्चर दाखवता का?"

सांगितलं ना, माझं तोंड खराब आहे. पण माणूस चिडला नाही. त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि पाटीकडे ढुंकूनही न पाहता बोलायला लागले.

त्यांचं गाव निंभारखेड, दर्यापूरच्या पलीकडे, खारपाण पट्ट्यात. हा पट्टा म्हणजे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा अमरावतीपासून अकोल्याकडे पसरलेला मुलूख. वर काळीभोर माती, कापूस पाहावा तर तिथला, आणि खाली पाणी खारं. गावाला नळयोजनेची नवी विहीर मंजूर झाली होती. जागा ठरली होती मारुतीच्या देवळाजवळ, तिथल्या जुन्या विहिरीच्या शेजारीच. टाकी तिथून जवळ, पाइपही कमी लागणार. याच महिन्यात जुन्या विहिरीच्या पाण्याचा नमुना गेला आणि पासही झाला.

"मग अडचण काय आहे?"

"आता पूस-माघात थे पाणी गोड हाय. चैत लागू द्या, त्याच पाण्यानं चहातलं दूध फाटते. एकदा अठी विहीर झाली का पन्नास वर्षं लेकराबाळायले तेच पाणी. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी बारा महिने चांगलं हाय, पण थे गावाबाहेर पडते."

"तर सांगा ना गावाला."

"सांगतलं. म्हणते, डोमाजी, पुरावा काय? पुरावा याच्यात हाय." त्यांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला. "पयल्या वह्या होत्या, त्या एका ऑफिसात देल्या. तठीच राहिल्या. तवापासून हे मशीन म्या कोणाच्या हाती देलं नाही. तुमी दुरुस्त करा, म्या अठीच बसतो."

मी चडफडत स्क्रू-ड्रायव्हर उचलला. झाकण उघडलं तर बॅटरी पोळीसारखी टम्म. ती जपून काढून बाहेर वाळूच्या डब्यात टाकली, बॅटरीविना नुसत्या चार्जरवर मशीन लावलं. बराच वेळ काहीच नाही. डोमाजींचे ओठ हलत होते, काय पुटपुटत होते देव जाणे. मग पडदा उजळला. सुरू व्हायला त्यानं अडीच मिनिटं घेतली आणि वर तारीख दाखवली दोन हजार एक सालची. पण सुरू झालं. पहिलं काम म्हणून मी आतली फाइल पेनड्राइव्हवर घेतली. फाइल एकच होती. नाव होतं 'पाणी'.

मी ती उघडली.

रकाने पाचच होते. विहीर, तारीख, पाणी किती हात खाली, मीटरचा आकडा, आणि शेवटचा रकाना चव. मी खाली सरकत गेलो. सरकत गेलो, सरकत गेलो, बोट दुखलं तरी तळ येईना. तीन गावांच्या बेचाळीस विहिरी, दर पंधरवड्याला एकदा, अकरा वर्षं. अकरा हजारांवर ओळी! एकही पंधरवडा सुटलेला नाही. पोळा नाही, दिवाळी नाही, टाळेबंदी नाही. लाख-लाखाची मशीनं मी या टेबलावर उघडली आहेत. आत लग्नाचे फोटो, अर्धवट सोडलेले गेम, कुणाकुणाची भानगड. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काकाजी, हे सगळं तुम्ही केलं?"

"पायी," डोमाजी म्हणाले, जणू मी तेच विचारलं होतं. "पोस्टाचीच वाट हाय ना थे."

एकतीस वर्षं त्यांनी त्या तीन गावांत टपाल वाटलं होतं. आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, पत्र-बित्र नंतर. त्यामुळे तिथल्या झाडून साऱ्या विहिरींचं पाणी डोमाजींच्या पोटात गेलेलं. रिटायर झाल्यावर हातातली पत्रं गेली, पण वाट सुटेना. मुलगी आचल पुण्यात नोकरीला आहे. तिनं नवीन लॅपटॉप घेतला आणि हा जुना बापाला आणून दिला, सोबत पाण्यातला क्षार मोजायचं पेनएवढं मीटर. रकाने भरायला तिनंच शिकवलं. मीटरला सुतळी बांधायची, बादलीत सोडायचं, आकडा टाकायचा. रोज तीन विहिरी.

मी पुन्हा फाइलकडे वळलो. चवीच्या रकान्यात शब्द होते. गोड. तुरट. मचूळ. खारं. लय खारं. एके ठिकाणी 'बकरीनं तोंड फिरवलं'. मी मोठ्यानं हसलो. पण वर्षं पुढे सरकत दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत आलो आणि तिथून खाली तो रकाना कोरा. बाकीचे चार भरलेले, तेवढा एक कोरा, थेट शेवटपर्यंत.

"चवीचं काहून नाही लिहिलं इथून पुढं?"

"चाखणारी गेली," डोमाजी म्हणाले.

चाखणारी म्हणजे त्यांची बायको, मैनाबाई. माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या बागांतलं. तिथलं पाणी गोड, त्यामुळे खाऱ्याचा कण तिच्या जिभेला कळायचा. मीटर आकडा सांगायचं आणि मैनाबाई चव. तिच्या किडन्या खराब झाल्या. पाण्यानं झाल्या का, असं डोमाजींनी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, साखरही आहे, नक्की सांगता येत नाही. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस. दिवसाला पाणी किती प्यायचं तेही मोजून दिलेलं, अर्धा लिटर. तरी ही बाई विहिरीवर यायची. घोट घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि थुंकून टाकायची. तहानेनं ओठ फाटलेले आणि तोंडात आलेलं पाणी थुंकायचं! मग ओट्यावर बसून हा लॅपटॉप मांडीवर घ्यायची आणि शब्द टाकायची.

"तिच्यानं तांब्याबी उचलत नव्हता मंग मंग," डोमाजी म्हणाले. "हे मशीन मात्र उचलायची."

मी चहा मागवला. डोळ्यात पाणी आलं तर गिऱ्हाईकासमोर बरं दिसत नाही.

पण धंदा तो धंदा. मी म्हटलं, "काकाजी, फाइल सेफ आहे. आता ही फाइल नव्या मशीनमध्ये टाकून देतो. हे पाहा," आणि शोकेसमधला एक नवा लॅपटॉप त्यांच्या हातावर ठेवला. डोमाजींचा डावा हात लगेच खाली गेला. मागं एकदा विहिरीच्या काठावरून घसरले होते, तेव्हापासून त्या मनगटात जोर नाही. उजव्या हातात मीटरची सुतळी, डाव्या हातावर मशीन, अशी त्यांची उभ्यानं काम करायची पद्धत.

"याच्यासंगं म्याच विहिरीत जाईन, भाऊ," ते म्हणाले.

मी इरेला पेटलो. शेजारी कुरिअरवाल्याचा काटा आहे, त्यावर दोन्ही ठेवले. नवा पावणेदोन किलो. जुना एक किलो ऐंशी ग्रॅम.

आता खरं सांगतो, कारण माझ्याकडे रोज कोणी ना कोणी हेच विचारतं, की जुना हलका लॅपटॉप वापरण्यात अर्थ आहे का. मी त्या मशीनची पुरी झडती घेतली. इंटरनेटची चार पानं उघडली की त्याला धाप लागते. व्हिडिओ कॉलवर माणूस थिजतो. कंपनीनं त्याचे अपडेट केव्हाच बंद केले, तेव्हा बँकेचं काम त्याच्यावर करू नये, मी कुणाला करू देणार नाही. मेमरी बोर्डलाच डकवलेली, वाढवायची सोय नाही. क्लासच्या पोरानं आणलं असतं तर मी पाटी दाखवून हाकलून दिलं असतं. पण पाच रकाने? ते त्यानं अकरा वर्षं तक्रार न करता सांभाळले होते. कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली, पण एकही कळ अडत नव्हती. ज्याला जे काम, त्यावर ठरतं. हे मला पंधरा वर्षांत समजलं नव्हतं, म्हणजे बघा माझी अक्कल.

माझ्या भंगाराच्या ढिगात त्याच मॉडेलचा एक पडदा फुटलेला लॅपटॉप दोन वर्षांपासून पडला होता. मीच कुणाला तरी भंगार म्हणून टाकायला लावलेला. त्याची बॅटरी काढून तपासली. फुगलेली नव्हती, दीड तास टिकत होती. ती बसवली, तारीख नीट केली. डोमाजींनी दुपट्ट्याच्या चार घड्या घातल्या आणि निघाले. जाताना म्हणाले, "या सव्वीसले. पाणी पाजतो आमच्या गावचं."

मी गेलो. दुकान बंद ठेवून, गाडीला किक मारून गेलो. का म्हणाल तर मला पाहायचं होतं.

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या अंगणात ग्रामसभा बसली. सरपंच भगवंत, पन्नाशीचा, खादीचं जाकीट घातलेला. वाईट माणूस नव्हता. गावाला लवकर पाणी मिळावं एवढंच त्याला पाहिजे होतं. विहिरीचा विषय आला तसे डोमाजी उठले. देऊळ शाळेला लागूनच, त्यामुळे सारी सभा विहिरीवर आली. डाव्या हातावर लॅपटॉप, उजव्या हातानं त्यांनी मीटर बादलीत सोडलं. आकडा आला सातशे चाळीस.

"पाहा, पासच हाय ना," भगवंत म्हणाला.

"आताचं नोको पाहू, मे महिन्याचं पाहा." डोमाजींनी पडदा त्याच्यापुढे धरला. दोन हजार सहाशे ऐंशी; दोन हजारांच्या वर गेलं की पाणी नापास. पुढच्या मे महिन्यात दोन हजार नऊशे दहा. मग नाल्याकाठच्या विहिरीच्या ओळी काढल्या. जानेवारीत पाचशे वीस, मे महिन्यात सहाशे. दरवर्षी तसंच.

मागून कोणीतरी बोललं, "डोमाजी, मशीन किती जुनं हाय थे! त्याचे आकडे काय खरे धरता?"

आता माझी सटकली. "ओ भाऊ, मी अमरावतीहून आलोय, दुकान आहे माझं. मशीन जुनं आहे, खोटं नाही. तुमच्या हातातला मोबाइल अकरा दिवस तरी एक काम इमानदारीनं करतो का?" लोक हसले. पण भगवंत हसला नाही.

"आकड्याचं जाऊ द्या," तो शांतपणे म्हणाला. "डोमाजी, आमी जन्मलो तवापासून हेच पाणी पेऊन राहिलो. गोड हाय. तुमीच सांगा, तुमाले कसं लागते?"

सगळे डोमाजींकडे पाहायला लागले. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"भगवंत, हेच मले माया सासऱ्यानं विचारलं होतं," ते म्हणाले. "सोयरीक करायले थे आमच्या घरी आले, तवा त्यायनं दुसरं काहीच नाही विचारलं. शेती नाही, नोकरी नाही. म्हणे, जवाईबापू, पोरगी गोड्या पाण्यातली हाय, तुमच्या गावचं पाणी कसं हाय? त्यायच्या तोंडाले सर्दीनं चवच नव्हती त्या दिवशी, म्हणून माया शब्दावर सोडलं. म्या म्हणलं, गोड हाय. लबाडी नाही केली बावा. मले गोडच लागत होतं. त्यायनं मान हलवली आन मैना देली."

त्या एका शब्दावर आलेल्या बाईला ते पाणी जन्मभर खारं लागलं होतं. अकरा वर्षं, बेचाळीस विहिरी, रोजची ती पायपीट कशासाठी चालली होती ते मला तिथं, त्या विहिरीच्या ओट्याजवळ कळलं. इतका मोठा माणूस मी पाहिलेला नाही.

"गावात बाहेरून आलेलं कोणी हाय का?" डोमाजींनी विचारलं. "नवं. गोड्या पाण्यातलं."

बायकांच्या घोळक्यात चुळबुळ झाली. भगवंताची सून श्रावणी, लग्नाला दीड महिना झालेला, माहेर परतवाड्याचं. सासूनं तिला पुढं केलं. दोन तांबे भरून आणले, एक देवळाच्या विहिरीचा आणि एक नाल्याकाठच्या विहिरीचा. कोणता कुठला ते तिला सांगितलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, पहिल्यातलं प्यायली. मग दुसऱ्यातलं प्यायली. आणि खाली पाहत उभी राहिली. दीड महिन्याची सून, सासरा सरपंच, सारं गाव समोर. ती कशी बोलणार?

भगवंतच पुढं झाला. "खरं सांग, बेटा. मायाकडं पाहू नोको."

"मामाजी," ती अगदी हळू म्हणाली, "पयल्या तांब्यातलं मचूळ हाय. आल्यापासून घरीबी तसंच लागते. मले वाटलं, मायंच तोंड खराब झालं."

पहिला तांब्या देवळाच्या विहिरीचा होता.

भगवंतानं तो तिच्या हातून घेतला आणि घटाघटा प्यायला. थांबला. पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, पुन्हा घेतला. "मले तं गोडच लागून राहिलं, डोमाजी," तो म्हणाला. "खरंच गोड लागून राहिलं हो."

"मलेबी," डोमाजी म्हणाले. "आजूनबी गोडच लागते."

विहीर नाल्याकाठी घ्यायचा ठराव झाला. हात वर करायला कोणी मागं राहिलं नाही, आणि बायकांचे हात आधी वर गेले. पाइप जास्त लागेल तर लागेल, असं भगवंत स्वतःच म्हणाला. लोक शाळेकडे परतले, कोणी पेढे वाटायला लागलं.

डोमाजी ओट्याजवळच थांबले होते. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि आजची ओळ काढली. देवळाची विहीर, सव्वीस जानेवारी, पाणी सतरा हात, सातशे चाळीस. मग मान वर करून श्रावणीला बोलावलं आणि मशीन तिच्या हातावर ठेवलं. जड असेल म्हणून पोरीनं दोन्ही हात पुढं केले होते, पण एकच हात पुरला.

"हा रकाना तुवा हाय आता," ते म्हणाले. "लिव."

वर तीन वर्षांच्या कोऱ्या चौकटी आणि त्यांच्याही वर मैनाबाईचा शेवटचा शब्द, याच विहिरीचा. श्रावणीनं एका बोटानं, पुसलेल्या कळा शोधत शोधत टाइप केलं. मचूळ. डोमाजींनी चष्मा पुसला, ते दोनदा वाचलं, आणि सेव्हची कळ मात्र स्वतःच्या बोटानं दाबली.